गोठणं

बाहेर उणे बावीस.
फ्योर्डच्या कडा गोठल्यात, रुग्णवाहिकेची कडी गोठलीय,
बिएराच्या मिशांवर त्याचाच श्वास गोठलाय.
गोठत नाहीये ते एवढंच,
जे गोठायला हवं होतं.

दीड तास तो बर्फात पडून होता.
स्नोस्कूटर उताणी, मांडीचं हाड कातड्याबाहेर.
रेनडिअरचा कळप जरासा पांगला,
मग खुरांनी बर्फ उकरत पुन्हा चरायला लागला.
मारेतने, त्याच्या बहिणीने, खांद्यावरचा फास काढला,
जनावरं धरायचा, केशरी नायलॉनचा,
मांडीला आवळला, सुरीच्या म्यानाने पीळ भरला
आणि वेळ पाठ केली.
दोन वाजून दहा.
दारातून आत येताना ती हेच म्हणत होती.
तिचं नाव विचारलं,
तरी दोन वाजून दहा.

मी भूल देते.
लोकांना वाटतं, मी झोपवते.
खरं तर मी रात्रभर मोजत बसते.

झालेली गुठळी विरघळू नये, त्याचं औषध
तीन तासांच्या आत द्यावं लागतं,
म्हणजे पाच वाजून दहापर्यंत.
आमच्या हातात सव्वीस मिनिटं होती,
आणि ती त्या मुलीने आणून दिली होती, तोंडपाठ.

मांडी थांबली होती. ओटीपोटात मात्र नळ उघडाच.
अंग एकतीस पूर्णांक चार.
थंड रक्त साकळत नाही,
न साकळलेलं वाहत राहतं,
वाहून गेलं की अंग आणखी थंड, उरलेलं आणखी आंबट.
तिघी हातात हात घालून जिना उतरतात;
एकीचा पाय घसरला की तिघी.

"सलाइन नको!" तोरगेइर ओरडतो, कोपरापर्यंत लाल.
"पाणी घालून पातेलं भरतं, माणूस नाही."

फ्रिजमध्ये ओ गटाच्या सहा पिशव्या.
सहावी टांगली आणि मी फोन उचलला.
ट्रॉम्सोचं हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे जमिनीवर.
म्हणून यादीतली माणसं आली, बुटांवरचा बर्फ आपटत:
चर्चमधला ऑर्गन वाजवणारा,
खेकड्यांच्या कारखान्यातली ल्युबोव,
जिच्या बोटांना अजून उकळत्या मिठाचा वास,
आणि ओस्मुंड,
ज्याचा बिएराच्या घराशी कुरणाच्या हद्दीवरून
अकरा वर्षं खटला चालू आहे.
कोणासाठी, हे त्याने विचारलं नाही.
एवढंसं गाव, विचारायचं काय.
बाही वर केली.

शेजारच्या खोलीतून पिशवी माझ्या हातात आली
ती कोमट.
इतकी वर्षं मी फ्रिजमधलं रक्त तापवून दिलं,
पण ही ऊब यंत्राची नव्हती.
क्षणभर धरून ठेवली. क्षणभरच.
मग कॅल्शियम, मग पुढची.

पडद्यावर रक्ताच्या थेंबाची रेघ,
सरळ, सरळ, अजून सरळ.
कोणी बोलत नव्हतं.
मग रेघ दुभंगली,
दोन्हीकडे हळूहळू फुगत गेली,
हेरिंग मासोळीच्या आकाराची.
"धरतंय," तोरगेइर म्हणाला, देवाचं नाव घेतल्यासारखं.

त्याने हाड जोडलं नाही. आतडं शिवलं नाही.
ओटीपोटात कापडाच्या घड्या कोंबल्या,
पोट उघडंच झाकून ठेवलं.
आज फक्त थांबवायचं.
नीट करायचं ते उद्या.

"उद्या म्हणजे कधी?" मारेतने विचारायला हवं होतं,
कारण इथे नोव्हेंबर संपता संपता सूर्य जातो
आणि उद्या म्हणजे घड्याळातला आकडा.
पण ती बाकावर बसून होती,
कापलेल्या फासाचे दोन तुकडे मांडीवर,
टोकं एकमेकांना लावून बघत.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ओस्मुंड,
हातात ज्यूसचा पेला, दंडावर कापूस.
खूप वेळाने म्हणाला,
"सोमवारी तारीख आहे. मी हद्द सोडणार नाही."

मारेतने मान वर केली.
संध्याकाळपासून पहिल्यांदाच
ती दुसरं काही बोलली.

"मीही."